टाकीच्या मधोमध त्रेसष्ट अंश

बीडच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. कुणी माझी ओळख करून दिली की समोरचा माणूस आधी कसनुसा हसतो आणि मग त्याला दहावीत किती मार्क पडले होते ते सांगतो. मी संशोधनही करत असे, हे कळल्यावर तर लोकांना कीव येते. शेजारच्या वहिनींनी एकदा अगदी मनापासून विचारलं होतं, "गणितात अजून शोधायचं काय राहिलंय हो? बेरीज तर सापडलीय."

त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगते. एखादी वस्तू तापते, पाणी जमिनीत मुरतं, धूर पसरतो. पुढं काय होईल हे समीकरणात मांडायचं, हे माझं काम. अशा मांडणीला आम्ही प्रतिमान म्हणतो. समीकरण मांडलं तरी ते बहुधा सरळ सुटत नाही. मग वेळेचे बारीक तुकडे करायचे. आत्ता एवढं तापमान आहे, तर पाच मिनिटांनी किती? तेवढं झालं, तर त्यापुढच्या पाच मिनिटांनी किती? अंधारात चाचपडत जिना उतरावा तसं एकेक पायरी खाली जायचं. पायरी फार मोठी घेतली की पाय हुकतो आणि उत्तर कुठच्या कुठं जातं.

या कामाला गिऱ्हाईक कुठलं, असं वाटेल. पण यायचं. बीडच्या मंडईतले एक सीताफळांचे व्यापारी एकदा कॉलेजात आले. टेम्पोच्या मधल्या क्रेटमधली फळं वाटेतच पिकून काळी पडतात, कडेची मात्र कच्ची राहतात, यावर 'फॉर्म्युला' पाहिजे म्हणाले. पिकणारं फळ स्वतः उष्णता सोडतं. कडेच्या फळांची उष्णता वाऱ्यानं जाते, मधल्यांची जायला वाट नसते. मी आठवडाभर गणित केलं आणि क्रेटच्या दोन रांगांत वीतभर मोकळी जागा सोडायला सांगितली. फळं टिकली. त्यांनी घरी दोन क्रेट सीताफळं आणून दिली आणि म्हणाले, "मॅडम, एवढंच सांगायचं होतं तर आठ दिवस कशाला?" त्यांचं बरोबर होतं. ज्या प्रसंगाबद्दल लिहायचं आहे त्यात मधल्या क्रेटची हीच साधी गोष्ट मी विसरले, म्हणून सीताफळांची आठवण आधी सांगितली.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मार्चचा महिना, सोमवारची सकाळ. दिलीप घरी आला. हा माझा जुना विद्यार्थी. जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट झाला होता. कारखान्याचं नाव सांगत नाही. चहा घेतानासुद्धा त्याच्या मांडीवर फाईल उघडी होती.

"मॅडम, मळीची टाकी तापतीय."

साखर काढून झाल्यावर जो काळा, घट्ट, चिकट पाक उरतो त्याला मळी म्हणतात. ती पुढं दारू गाळायला जाते. तोवर तिमजली घराएवढ्या लोखंडी टाकीत साठवतात. मळी गरम असताना टाकीत भरली तर ती आतल्या आत हळूहळू कुजते आणि त्यातून आणखी उष्णता निघते. उष्णता वाढली की कुजण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की उष्णता. टाकीच्या पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता जास्त असेल तर मामला आपोआप शांत होतो. आत तयार होणारी जास्त असेल तर एका क्षणी तापमान उसळी घेतं. मग टाकी फुटते, नाहीतर उकळती मळी बाहेर येते.

"किती आहे आता?"

"चव्वेचाळीस. मागच्या आठवड्यात एकेचाळीस होतं. टाकीपासून शंभर पावलांवर गाडीतळ हाय, मॅडम. सव्वाशे कोप्या हायेत तिथं."

बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्या टोळ्या हंगामभर जिथं राहतात तो गाडीतळ. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. त्या तळावर बहुतेक सगळी शिरूर कासारकडची माणसं होती.

मी विचारलं, "टाकीतली मळी ढवळली जाते का?"

दिलीपनं फाईलमध्ये पाहिलं. "पंप चालू असतो. एका नळानं मळी काढून दुसऱ्यानं परत सोडतो. चोवीस तास."

म्हणजे आतली मळी सगळीकडे सारखी तापलेली असणार, असं मी धरलं. सगळ्या टाकीला एकच तापमान आणि एकच समीकरण. संध्याकाळपर्यंत उत्तर हाती आलं: तापमान हळूहळू चढेल आणि सत्तेचाळीसच्या आसपास थांबेल. रोज सकाळी किती असेल त्याचा तक्ता करून मी दिलीपला दिला आणि खाली माझ्या हातानं लिहिलं, 'धोका नाही. लक्ष ठेवावे.'

मंगळवारी तक्त्यापेक्षा एक दशांश अंश जास्त निघाला. बुधवारी तीन दशांश. गुरुवारी सकाळी दिलीपचा फोन आला, "शेहेचाळीस पूर्णांक एक, मॅडम. तुमच्या तक्त्यात पंचेचाळीस पूर्णांक तीन हाय. एक अंशसुद्धा फरक न्हाई."

त्याचा आवाज समाधानी होता. मी मात्र सोमवारपासूनचे फरक ओळीनं मांडले. मोजमापाची चूक असती तर कधी जास्त, कधी कमी आली असती. ही एकाच बाजूला होती आणि रोज जवळजवळ तिप्पट होत होती.

"गाडी पाठव," मी म्हटलं.

साडेनऊला मी टाकीखाली उभी होते. दिलीपनं टाकीच्या भिंतीतला तापमापक दाखवला. मी पत्र्याला हात लावला. कोमट. सुरक्षित वाटावं इतका कोमट. शेजारच्या पंपघरातून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ हात पुसत बाहेर आले. हे युनूसभाई; बीडचेच, घरात तीन पिढ्यांचं मेकॅनिकचं काम. या पंपावर ते अठरा वर्षं होते.

"कडेला हात लावून काय समजतंय, मॅडम?" ते म्हणाले.

"पंप मळी ढवळतो ना?"

त्यांनी आधी दिलीपकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "इकडून खेचतो अन् तिकडं दोन हातांवर सोडतो. दोनी नळ एकाच अंगाला हायेत. मळी मधासारखी घट्ट. ती कडंकडंनीच फिरती. मधल्या मळीला पंप हाय का न्हाई ठावं बी न्हाई."

मला सीताफळांचे क्रेट आठवले.

"हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"सोमवारी बोलनार होतो. दिलीपसाहेब म्हनले, मॅडमनी गणित करून दिलंय, काळजी नक्को. मंग मी गप बसलो. म्या म्हनलं, शिकल्याली बाई हाय, आपल्याला काय कळतंय."

बाकी बोलायला वेळ नव्हता. टाकीच्या छपराला माणूस उतरेल एवढं झाकण असतं. युनूसभाईंनी लांब पाईपाच्या टोकाला तापमापकाची तार बांधली, नाकातोंडावर ओला रुमाल गुंडाळला, शिडीनं वर गेले आणि झाकण उघडून पाईप मधोमध सोडला. खाली तारेचं दुसरं टोक दिलीपच्या हातातल्या यंत्राला जोडलेलं होतं. आकडा चढत गेला. पन्नास, छप्पन्न, साठ. त्रेसष्टवर थांबला.

"यंत्र बिघडलं असंल," दिलीप म्हणाला.

वरून युनूसभाई ओरडले, "यंत्र न्हाई बिघडलं! वाफ लई हाय हितं!"

कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसून मी दुसरं गणित मांडलं. टाकीच्या एकात एक अशा वीस कड्या कल्पिल्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. प्रत्येक कडी स्वतः तापते, आतल्या शेजारणीकडून उष्णता घेते, बाहेरच्या शेजारणीला देते. पहिल्या फेरीत घाईनं मोठी पायरी घेतली आणि पाचव्या कडीचं तापमान उणे दोनशे आलं. मागं उभा असलेला दिलीप चरकून म्हणाला, "मॅडम, हे काय?" मी त्याला बाहेर जायला सांगितलं. एरवी वर्गात या चुकीवर मी विनोद करत असे. त्या दिवशी फक्त कळफलक पुन्हा पुढं ओढला. पायरी दहापट लहान केली. उणे आकडे गेले. कड्या शहाण्यासारख्या वागू लागल्या आणि आतल्या तीन कड्यांचं तापमान सत्तरच्या पुढं सरळ उभं चढलं.

पण कधी? या मळीत किती उष्णता निर्माण होते, तो आकडा मला नेमका माहीत नव्हता. कमी धरला तर रविवार येत होता. जास्त धरला तर त्याच दिवशीची दुपार.

जनरल मॅनेजरांच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा साडेबारा झाले होते. माणूस वाईट नव्हता. हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस होते आणि त्यांना झोप नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, नक्की किती वाजता?"

"तसं सांगता येत नाही. आज दुपारपासून रविवारपर्यंत कधीही."

"मग रविवार म्हणू या ना. हे बघा, गाडीतळ हलवला की बोभाटा होतो. टोळ्या एकदा उठल्या की गावाची वाट धरतात. ऊस उभा राहील शेतात. सोमवारी तुम्हीच लिहून दिलं होतं, धोका नाही म्हणून."

"ते चुकलं होतं."

"मग हे बरोबर कशावरून?"

हा प्रश्न मला आजही कुणी विचारला तर सरळ उत्तर नाही. मी म्हटलं, "सोमवारचं गणित मी फाईल बघून केलं. हे टाकीच्या पोटात तार सोडून केलंय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "उपाय काय?"

उपाय युनूसभाईंनी शिडीवरून उतरल्यावरच सांगितला होता. खालच्या नळातून दाबाची हवा सोडायची. बुडबुडे वर येताना मधली गरम मळी कडेच्या मळीत मिसळतील. मी ते कड्यांच्या गणितात घालून पाहिलं होतं. सगळी मिसळली तर तापमान बावन्नवर येत होतं; बाहेरून पत्र्यावर पाणी मारलं तर तिथून उतरत होतं.

"मग सोडा की हवा, आत्ताच!" मॅनेजर उठलेच.

"तळ रिकामा झाल्याशिवाय नाही," मी म्हटलं. "मधली मळी हलवल्यावर ती कशी वागेल, हे माझ्या गणितात नाही. तुम्ही आधी हवा सोडणार असाल तर मी इथून थेट तहसीलदारांकडे जाते."

आयुष्यात मी कुणाला अशी धमकी दिलेली नव्हती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "तीन वाजेपर्यंत. आणि तळावर तुम्ही बोलायचं. माझं कुणी ऐकणार नाही."

गाडीतळावर त्या वेळी म्हातारी माणसं, लेकरं आणि स्वयंपाकाला मागं थांबलेल्या बाया होत्या. तळाचा कारभार गयाबाई बघायच्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर घट्ट खोचलेल्या, एका मोठ्या टोळीच्या मुकादमीण. मी टाकीकडे बोट दाखवून सगळ्यांनी लगेच निघायला हवं म्हणाले.

"कावून?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "मागं बी असंच उठवलं आमाला. कुनी सायेब येनार हाय म्हनून. दोन दिस उनात बसलो. सायेब आलाच न्हाई."

मी तापमान, कुजणं, उष्णता असं काहीबाही बोलू लागले. बायांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. घड्याळात पावणेदोन झाले होते. मग मी विचारलं, "गयाबाई, ओला कडबा गंजीला लावला तर काय होतं?"

"गंजी आतून तापती. हात घातला तर भाजतं. एखांद्या टायमाला पेटती बी."

"बाहेरून कळतं?"

"बाहीरून काय कळतंय."

त्यांनी टाकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा बदलला.

"आतून तापली हाय व्हय ती?"

"हो."

"अन् हे तुमाला कवा कळलं?"

"आज सकाळी."

गयाबाई लगेच वळल्या आणि तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारत गेल्या. "लेकरं घ्या! पानी घ्या! भांडीकुंडी ऱ्हाऊ द्या, आधी मानसं निगा!" वासरं, शेळ्या सुटल्या. एक म्हातारे आजोबा बाजेवरून उठेनात तेव्हा दोघीतिघींनी त्यांना बाजेसकट उचललं. शेतातून येणाऱ्या गाड्या दिलीपनं फाट्यावरच अडवल्या. तीनला दहा मिनिटं असताना गयाबाई प्रत्येक कोपीत वाकून बघत पलीकडच्या माळावर आल्या आणि म्हणाल्या, "न्हाई कुनी."

साडेतीनला युनूसभाईंनी हवेचा वाल्व अर्धा उघडला. पाईप धरायला पंपघरातले दोघे होते. मी आणि दिलीप लांब, प्रयोगशाळेच्या ओट्यावर तारेचं यंत्र घेऊन. सकाळपासून तीन अंश वाढून सहासष्ट. पासष्ट. चौसष्ट. आकडा उतरत होता. साठ झाले तेव्हा दिलीपनं माझा हात धरला. चीफ केमिस्ट आहे हे विसरून गेला होता तो. मी मनात कड्या मोजत होते. उतरण अगदी माझ्या गणिताप्रमाणे होती आणि मला खरंच वाटलं, जमलं.

मग छपरावरचं झाकण खडखडलं.

मधल्या मळीत इतक्या दिवसांचा वायू अडकून होता. हलवल्याबरोबर तो सुटला आणि मळीचा फेस झाला. फेस माझ्या समीकरणात नव्हता. झाकण उडालं. काळपट तपकिरी फेस छपरावर फुगला आणि गाडीतळाच्या बाजूनं खाली कोसळू लागला. जळक्या गुळाचा वास सुटला. हवा बंद करायला हवी होती आणि वाल्व टाकीच्या बुडाशी होता. युनूसभाईंनी दोघा सोबत्यांना मागं ढकललं, स्वतः पुढं गेले आणि दोन्ही हातांनी चाक फिरवलं. परत फिरताना गुडघ्यापर्यंत मळीत बुडाले. ते ओरडले नाहीत. चालत आमच्यापर्यंत आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बंद केला." मग त्यांना शुद्ध राहिली नाही.

टाकी फुटली नाही. फेस वीसेक मिनिटांत ओसरला. आतलं तापमान चोपन्नवर आलं होतं आणि पत्र्यावर पाणी मारत ठेवल्यावर चार दिवसांत ते चाळीसच्या खाली गेलं. गाडीतळाच्या पुढच्या चाळीसेक कोप्यांत गुडघाभर गरम मळी शिरली होती. चुली, भांडी, गोधड्या सगळं त्यात. गयाबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, मॅडमनी जीव वाचवले. गयाबाई म्हणाल्या, "व्हय. पर ह्या गोधड्या आता धुवून निगनार न्हाईत." टोळ्या गावाला गेल्या नाहीत. माळावर नव्या कोप्या बांधून त्यांनी हंगाम पुरा केला.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात बैठक झाली. मॅनेजरांनी माझ्या गणिताचं तोंड भरून कौतुक केलं आणि शाल दिली. दिलीपच्या फाईलमध्ये माझा सोमवारचा कागद होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि फाईल मिटली. तो मला सांभाळून घेत होता, आणि मी घेऊ दिलं. बोलले नाही. तीन दिवस आधी ढवळलं असतं तर मधली मळी इतकी तापली नसती, फेस आला असता का, आणि आला तरी एवढा आला असता का, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःहून सांगितलं नाही.

युनूसभाई अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दीड महिना होते. मी चार-पाच वेळा गेले. दोन्ही पायांची कातडी नवी यावी लागली. कारखान्याच्या कामावर ते परत गेले ते काठी घेऊन.

त्या उन्हाळ्यात मी या टाकीवर शोधनिबंध लिहिला. घट्ट, अर्धवट ढवळलेल्या द्रवाचं कड्यांचं प्रतिमान, मोजलेलं आणि गणितानं काढलेलं तापमान, फेसाची मर्यादा. लेखकांत माझ्यानंतर दिलीपचं आणि युनूसभाईंचं नाव घातलं. त्यांची संमती लागते, म्हणून बीडला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं सरबत दिलं. मी एकेक पान उलटत मराठीत समजावून सांगितलं. ते अंग पुढं करून ऐकत होते. नळांची आकृती त्यांना पसंत पडली. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "अन् ते सोमवारचं?"

"कुठलं?"

"तुमचं पैलं गणित. धोका न्हाई लिवलेलं. ते कुठं हाय ह्याच्यात?"

ते त्यात नव्हतं. अशा निबंधांत चुकलेली वाट लिहायची पद्धत नसते, असं मी म्हणाले.

"आसंल. पर मी त्याच्यापायी गप बसलो, मॅडम." आवाजात राग नव्हता. पाय उचलून त्यांनी खाटेवर घेतला. "ते न्हाई तर माझं बी नाव नक्को."

मी निबंध परत आणला. पहिला भाग नव्यानं लिहायला मला तीन आठवडे लागले, खरं तर ते दोन पानांचं काम होतं. एकच तापमान का धरलं, कुणाला विचारलं नाही, आणि त्या तक्त्यावर विसंबून कोण गप्प बसलं, सगळं लिहिलं. एका नियतकालिकानं हा भाग गाळा म्हणून कळवलं. मी निबंधच काढून घेतला. दुसऱ्यानं वर्षभरानं छापला.

छापील प्रत घेऊन गेले तेव्हा युनूसभाई ओसरीवर पंपाचा एक भाग खोलून बसले होते. हात पुसून त्यांनी अंक घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पहिल्या पानावरच्या तक्त्यावर, जिथं चव्वेचाळीस, चव्वेचाळीस पूर्णांक सहा असे आकडे होते, तिथं त्यांनी बोट ठेवलं.

"हे का ते?"

"हेच."

"सगळं लिवलंय?"

"सगळं."

त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग अंक माझ्यापुढं धरून म्हणाले, "आता दाखवा, माझं नाव कुठं हाय."